मित्रास पत्र : अप्पांची फियाट आणि मध्यरात्रीचे लिलाव

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या अप्पांची फियाट विक्रीला आली आहे. निपाणीच्या अलीकडे एका गावात ताडपत्रीखाली उभी आहे, मालक सहा लाख मागतो आहे आणि आपला बालमित्र विश्वास ते द्यायला निघाला आहे. ही बातमी मी इथे दुसऱ्या कोणाला सांगितली तर तो ‘घेऊ दे की मग’ म्हणेल आणि चहा मागवेल, म्हणून तुला लिहितो आहे. आईचे गुडघे होते तसेच आहेत, माझी साखर डॉक्टर रागावणार नाहीत इतपत आहे, बाकी सर्व ठीक.

विश्वासच्या डोक्यात हे कुठून शिरले ते आधी सांगतो. गेली काही वर्षे जानेवारीत आम्ही दोघे त्याच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये बसून अमेरिकेतले जुन्या मोटारींचे लिलाव थेट पाहतो. ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनचा लिलाव भरतो आणि तिथले घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असल्यामुळे तिथली शनिवारची भर दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. फ्लोरिडातल्या किसिमीला मीकमचा लिलावही जानेवारीतच असतो. तू हसशील, पण मला ते पाहायला मनापासून आवडते. झगझगीत दिव्यांखाली एक मोटार येते, तिचा जन्म आणि मालक दोन वाक्यांत सांगितले जातात, पुकारणारा श्वास न घेता आकडे म्हणू लागतो, त्याचे मदतनीस बोली लावणाऱ्याच्या तोंडासमोर जाऊन ओरडतात, हातोडा पडतो आणि पाठोपाठ पुढची मोटार आत ढकलली जाते. काही मिनिटांत एक अख्खी गोष्ट शेवटासकट पाहायला मिळते. शिवाय आपण ज्या मोटारींची चित्रे वहीत चिकटवत होतो त्या हलताना दिसतात. दसरा चौकात सीमोल्लंघनाला येणारी छत्रपतींची मेबॅक पाहण्यासाठी तू विश्वासच्या खांद्यावर चढला होतास आणि त्याचा शर्ट फाटला होता, ते तो अजूनही काढतो.

अडचण अशी की मी तो तमाशा म्हणून पाहतो आणि विश्वास तो बाजारभाव म्हणून पाहतो. पडद्यावर आकडा दिसला की तो वहीत उतरवतो. मी त्याला २०१९ च्या ऑगस्टमधली, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावाची गंमत दाखवली. १९३९ ची पोर्शे टाइप ६४ आली, पुकारणाऱ्याने एक कोटी तीस लाख डॉलर म्हटले, पडद्यावर तीन कोटी उमटले, आणि उच्चाराच्या त्या घोळात आकडा सात कोटींपर्यंत चढला. लोक उभे राहून फोनवर चित्रण करू लागले, तेव्हा खुलासा झाला की बोली प्रत्यक्षात एक कोटी सत्तर लाखांची आहे. सभागृहाने हुर्यो उडवली आणि मोटार विकली गेलीच नाही. विश्वास पोट धरून हसला आणि हसता हसता म्हणाला, ‘‘पण एक कोटी सत्तर लाख तरी होतेच की!’’ याला काय सांगायचे? पुकारलेली बोली आणि झालेला व्यवहार यांत अंतर असते, हेच त्याला मान्य नाही. विक्रेत्याने राखीव किंमत (जिच्याखाली गाडी द्यायचीच नाही अशी) ठेवली असेल तर तिच्यापर्यंत पोहोचेतो पुकारणारा समोर कोणी नसतानाही बोली वाढवू शकतो आणि तरीही मोटार तशीच परत जाऊ शकते. १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडणारी मोटार, २०२१ मध्ये इंडियानापोलिसला ४८ लाख डॉलरपर्यंत गेली आणि न विकता माघारी गेली. विश्वासच्या वहीत मात्र ती ‘४८ लाख’ अशीच नोंदलेली आहे.

दुसरी नोंद २०२० च्या पहिल्या नव्या शेव्हरले कॉर्व्हेटची आहे. जिची साधी किंमत साठ हजार डॉलरच्या आत सुरू होत होती ती तीस लाखांना गेली. पण तो सगळा पैसा डेट्रॉइटमधल्या मुलांच्या निधीला जाणार होता. घेणाऱ्याने दान दिले, भाव दिला नाही. हातोड्याच्या आकड्यावर घेणाऱ्याकडून साधारण दहा टक्के वेगळे आकारतात आणि विकणाऱ्याकडूनही कमिशन कापतात, हे त्याच्या वहीत कुठेच नाही. आपल्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला व्यापारी निदान रवा फोडून, जिभेवर ठेवून बोली लावतो आणि अडत किती ते त्याला ठाऊक असते. इथे विश्वास हजारो मैलांवरचा रंग पडद्यावर पाहून निपाणीच्या पत्र्याची किंमत ठरवतो आहे.

त्याच्यावर खरी मोहिनी घातली आहे ती २०२० च्या जानेवारीत किसिमीला विकल्या गेलेल्या फोर्ड मस्टँगने. ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली ती गाडी एका कुटुंबाने १९७४ मध्ये सहा हजार डॉलरच्या आसपास घेतली होती, घरातली बाई ती रोजच्या कामाला वापरत होती, आणि रंग उडालेल्या, गंजलेल्या अवस्थेतच तिला ३४ लाख डॉलरची बोली आली, खर्चासह ३७ लाख ४० हजार. विश्वासचे म्हणणे असे की अप्पांची गाडीही घरगुती, तीही गंजलेली, तीही मूळ अवस्थेतली. दिलीप, त्या कुटुंबाकडे १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने ‘गाडी मला परत विका’ म्हणून पाठवलेले पत्र होते! अप्पांकडे मॅक्वीन कधी आला होता? तुझ्याकडच्या पाहुण्यांत कागलचे मामाच काय ते इंग्रजी टोपी घालायचे.

आता मुद्द्यावर येतो. विकणाऱ्याने फोनवर विश्वासला सांगितले आहे की इंजिन मूळचे आहे, आणि सगळा हिशेब त्या एका वाक्यावर उभा आहे. १९६७ ची फियाट डिलाइट, मूळ इंजिन, म्हणून सहा लाख. वर रंग, क्रोम आणि पत्रा मिळून चार लाख. मग पंचवीस लाखांना विक्री. पण ते इंजिन मूळचे नाहीच. आंबा घाटात गाडी तापली, इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला आणि मलकापूरपर्यंत ट्रकमागे ओढत आणली, ते तुला आठवत असेलच. नंतर अप्पांनी सांगलीहून दुसऱ्या फियाटचे इंजिन आणून बसवले. विश्वासला हे माहीत नाही, कारण क्रिकेटच्या पॅडवरून भांडण झाल्यामुळे तो त्या सहलीला नव्हता आणि पुढे वर्षभर आपल्याशी बोलतही नव्हता. (पॅड तूच हरवले होतेस. आता तरी कबूल कर.)

इंजिन मूळचे की बदललेले, हा नुसता हौशी लोकांचा काथ्याकूट नाही. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू झाली आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये भरायचे, ती दहा वर्षे चालते, आणि अट अशी की चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. शिवाय त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे विश्वास ती घेऊन दर रविवारी जोतिबाला जायचे म्हणतो आहे तेही बसत नाही. आणि पंचवीस लाखांचे गिऱ्हाईक कुठून येणार? कुडा कन्व्हर्टिबल मोजक्याच बनल्या होत्या, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट किती निघाल्या ते तूच आठव. आपल्या एका गल्लीत तीन होत्या.

त्याने ती गाडी घेऊ नये असे मला मुळीच वाटत नाही. त्याचे हात सोन्याचे आहेत आणि तो ती चालू करील यात शंका नाही. पण फियाटच्या भावाने घ्यावी, अप्पांची म्हणून घ्यावी. शेड गहाण ठेवून नव्हे. हो, शेड. पतसंस्थेचे कागद मी त्याच्या टेबलावर पाहिले आणि वहिनींना त्यातले काही ठाऊक नाही. त्याच्याशी मी दोनदा बोललो, तेव्हा ‘तुला नेहमीच भीती वाटते’ एवढेच उत्तर मिळाले. तुझे तो ऐकतो, कारण तू लांब आहेस.

तेव्हा एवढे कर. बडोद्याला नेलेल्या अप्पांच्या लोखंडी ट्रंकेत गाडीच्या आरसी पुस्तकाची प्रत किंवा त्या इंजिनाची पावती असेल. अप्पा बसची तिकिटेसुद्धा टाकत नसत. इंजिन नंबर बदलल्याची नोंद सापडली तर तिचा फोटो विश्वासला तू स्वतः पाठव, मी सांगितले असे म्हणू नकोस. तो गुरुवारी निपाणीला विसार द्यायला जाणार आहे, म्हणून बुधवारपर्यंत पाठव. कागद मिळाला नाही तर नुसता फोन कर आणि आंबा घाटाची गोष्ट सांग, पॅडचा विषय मात्र टाळ.

तुझ्या नव्या घराची वास्तुशांत झाली का? चिरंजीवांच्या नोकरीचे पेढे अजून पोहोचलेले नाहीत. वहिनींना नमस्कार, सुनबाईंना आशीर्वाद. यंदा दसऱ्याला ये, आणि विसार किती ठरला ते मला विश्वासकडून कळायच्या आधी कळव.

तुझा,
शशी