फियाटची वही आणि पंपावर न लिहिलेला आकडा

प्रति,
माननीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सादर नमस्कार.

माझ्याकडे १९७८ सालची फियाट आहे. कागदोपत्री ती ‘प्रीमियर पद्मिनी’, पण बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या वाड्यात तिला कधी कुणी पद्मिनी म्हटलं नाही. १०८९ सीसीचं इंजिन, गियर स्टीअरिंगच्या दांड्यावर, चोक हाताने ओढायचा. गाडी वडिलांनी घेतली आणि तिच्याबरोबर एक लाल कापडी बांधणीची वहीही घेतली. वहीत रकाने पाच : तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, ॲव्हरेज. वडील कलाभवनात ड्रॉइंग शिकवायचे, त्यामुळे रकान्यांच्या रेघा पट्टीने मारलेल्या. टाकी तोंडापर्यंत भरायची, गाडी चालवायची, पुन्हा तोंडापर्यंत भरायची, आणि मधल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरांनी भागायचं. १९८० च्या सुमाराची पानं काढली तर लिटरला १३.६ किलोमीटर पडतात, थोडं इकडेतिकडे.

या वर्षी मार्चमध्ये माझ्या अक्षरात त्याच रकान्यात ११.४ लिहिलं गेलं.

पहिला राग मी आपल्यावरच काढला. सगळीकडे ई-२० ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची चर्चा, म्हटलं दुसरं काय असणार! पण वहीच्या मालकाचा मुलगा असल्यामुळे आधी स्वतःचं घर तपासावं असं वाटलं, म्हणून गाडी छाणी रोडच्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. गाडी न्यूट्रलला टाकून एका हाताने ढकलून पाहिली. सपाट रस्त्यावर फियाट एका माणसाला हलायला हवी. ती जागची ढिम्म. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम हात लावू देईना इतका तापलेला. व्हील सिलिंडर गंजून ब्रेकचे शू चिकटले होते, म्हणजे मी किती महिने ब्रेक लावूनच गाडी हाकत होतो कोण जाणे.

मग त्यांनी डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बोट केलं. वीस मिनिटं चालवून आणलेल्या गाडीचा काटा जेमतेम उठलेला. “काका, एन्जिन तो ठंडुं ज रहे छे.” रेडिएटरच्या वरच्या पाइपाशी खोलून पाहिलं तर थर्मोस्टॅटच नाही! वडील गेल्यावर कुठल्याशा गॅरेजात गाडी उन्हाळ्यात उकळते म्हणून गेली होती, तिथे तो काढून फेकला असणार. आपल्याकडे ही फार जुनी खोड आहे. उकळण्याचं मूळ रेडिएटरच्या गाळात असतं आणि शिक्षा होते थर्मोस्टॅटला. तो नसला की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनाला त्याच्या खऱ्या तापमानाला यायला फार वेळ लागतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते भिंतींवर ओलं बसतं, खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि चालवणारा जादा पेट्रोल देणारा चोक थोडा ओढलेलाच ठेवतो. मीही ठेवत होतो.

ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत असावी लागते. माझी जवळजवळ मिटलेली होती. फट मिटत गेली की ठिणगी उशिरा पडते, आणि उशिरा पेटलेल्या पेट्रोलची अर्धी ताकद सायलेन्सरमधून जाते. टायरमध्ये हवा कमी. एअर फिल्टर काळा. हे सगळं माझं पाप, सरकारचा त्यात काडीचा संबंध नाही.

दीड महिन्याने वहीत १२.७ आलं. कशाने किती वाढलं ते सांगता येणार नाही, कारण अधीरपणाने सगळं एकदम करून घेतलं. वडील असते तर एका टाकीला एकच बदल केला असता.

आता १३.६ आणि १२.७ यांच्यातला फरक राहतो. साडेसहा टक्क्यांच्या आसपास. एका गाडीची एक वही म्हणजे पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. पण इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या लिटराच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, म्हणजे वीस टक्के मिसळल्यावर जी तूट निघते ती जवळपास एवढीच. नीती आयोगाच्या इथेनॉल मिश्रणाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्येही जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट लिहिलेली आहे. आपल्या मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ई-२० शी न जुळवलेल्या वाहनांसाठी ३ ते ६ टक्के म्हटलं. म्हणजे आपलं आणि माझं भांडण फार तर एखाद्या टक्क्याचं आहे.

पैशाचंही नाही. मी महिन्याला तीनशे किलोमीटर चालवतो. दीड लिटर जास्त लागतं, दीडशे रुपये. उसाच्या शेतकऱ्याला त्यातून काही मिळत असेल आणि परदेशातून कमी तेल आणावं लागत असेल, तर दीडशे रुपयांवरून पत्र लिहिणारा माणूस मी नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. माझ्या गाडीला तिच्या पोटात काय पडतंय हे कळत नाही, आणि मलाही कुणी सांगत नाही.

नव्या गाडीच्या धुराच्या पाइपात ऑक्सिजनचा सेन्सर असतो; इथेनॉल वाढलं की संगणक पेट्रोल थोडं जास्त सोडतो आणि बाईंना-बुवांना पत्ताही लागत नाही. जुन्या गाडीत हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये संगणकाच्या जागी पितळेचा एक जेट असतो, त्याला एक भोक, आणि त्यावर कोरलेला आकडा म्हणजे त्या भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० लिहिलं असेल तर १.२० मिलिमीटर. नुसतं पेट्रोल जाळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, नुसत्या इथेनॉलला ९ किलो. मिश्रणात इथेनॉल वाढलं की त्याच भोकातून येणारं इंधन हवेच्या मानाने कमी पडतं. गाडी धक्के खाते, चढावर दम टाकते, इंजिन जास्त तापतं. उपाय सोपा आहे, जेट एक नंबर मोठा घालायचा. आम्ही घातला. ॲव्हरेज त्याने वाढत नाही, इंजिन वाचतं. पण किती मोठा, हे ठरवायला टक्का माहीत हवा. मोठा घातला आणि पेट्रोल दहा टक्क्यांचं निघालं तर आम्ही पुन्हा काळा धूर काढत पैसे जाळणार.

म्हणून पंपावर विचारलं. पोरगा चांगला होता, हसून म्हणाला, “काका, पेट्रोल एटले पेट्रोल.” मॅनेजरना विचारलं, त्यांनी मला फिल्टर पेपर दिला. फिल्टर पेपरवर डाग राहतो का ते दिसतं, इथेनॉल दिसत नाही. पाच लिटरचं माप होतं, घनतेचा हायड्रोमीटर होता, त्या दिवशीची घनता लिहिलेली होती. म्हणजे तपासायची व्यवस्था पूर्ण आहे, ग्राहकाला ती मागायचा हक्क आहे, फक्त हा एक आकडा कुठे नाही.

शेवटी शंभर मिलीचा मोजपात्र आणला आणि मागच्या अंगणात (घरात नव्हे, आमच्या हिने बजावलं होतं) नव्वद मिली पेट्रोलमध्ये दहा मिली पाणी घालून, हलवून ठेवला. पाणी इथेनॉलला ओढून घेतं आणि खाली बसतं. खालचा थर दहावरून सत्तावीसच्या रेघेवर चढला. म्हणजे एकोणीस टक्क्यांच्या आसपास. जे काम १९७८ च्या गाडीचा मालक अंगणात करू शकतो, ते आपले डेपो टँकर भरतानाच करत असतील. तोच आकडा घनतेच्या शेजारी लिहायचा, एवढंच मागतोय. कोयलीची रिफायनरी माझ्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. माहितीला तिथून दांडिया बाजारात यायला फार प्रवास करावा लागू नये.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा गाडी अकोट्यात मेहुण्यांच्या पार्किंगमध्ये होती आणि पाणी सीटपर्यंत. पूर्वी टाकीत पाणी गेलं तर ते तळाशी बसायचं, काढून टाकलं की वरचं पेट्रोल वापरता यायचं. आता पाणी इथेनॉलला घेऊन खाली जातं, वर उरतं ते ऑक्टेन कमी झालेलं पेट्रोल. सगळी टाकी ओतून द्यावी लागली. जी गाडी महिन्यातून चारदा निघते आणि पावसाळ्यात उभी राहते, तिच्यासाठी ही गोष्ट ॲव्हरेजपेक्षा मोठी आहे.

आपल्या मंत्रालयाने म्हटलं होतं की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील, ते स्वस्त असतात आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलता येतात. रबर स्वस्त आहे हे खरं. पण गाडी बनवणारा कारखानाच बंद झाला, तर सर्व्हिसिंग कुणाकडे? माझ्या पेट्रोल पंपाचा, म्हणजे इंजिनाला चिकटलेल्या त्या छोट्या पंपाचा, रबरी पडदा, डायफ्राम, फुगून फाटला. डिपस्टिक काढली तर ऑइलला पेट्रोलचा वास. दोष इथेनॉलचा की डायफ्राम दुकानात पंधरा वर्षं पडून होता त्याचा, छातीठोकपणे सांगणार नाही. नवा आणला, तोही तसाच जुन्या साठ्यातला. इथेनॉल सोसणारं रबर कोणतं, हे पुडीवर लिहिलेलं नसतं.

त्याच रोडमॅपमध्ये जुन्या वाहनांच्या संरक्षणासाठी ई-१० देशभर उपलब्ध राहावं असं सुचवलं होतं, २०२५ पर्यंत. मुदत आमच्या गाडीला कुणी वाचून दाखवली नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये ई-१० आलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी महागडं ई-५ पंपावर ठेवलं गेलं. आम्हालाही महाग चालेल. प्रत्येक पंपावर नको, बडोद्यासारख्या शहरात दोन पंप पुरेत. नुसतं शुद्ध पेट्रोलच द्या असाही हट्ट नाही. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली, म्हणून तर पत्राचा मार्ग धरला.

आणि अशा गाड्या किती असणार, असं कुणी अधिकारी आपल्याला म्हणेल. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर राजेरजवाड्यांच्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, मीही तिकीट काढून पाहिलं. त्या गाड्या ट्रेलरवरून येतात, ट्रेलरवरून जातात. माझी फियाट खंडेराव मार्केटमधून भाजी आणते. पन्नास वर्षं न झाल्यामुळे ती ‘व्हिंटेज’ नाही, वीस वर्षं उलटल्यामुळे फेरनोंदणीला दहा हजार लागतात. ते खातं आपलं नाही, सहज मनात आलं म्हणून लिहिलं.

आपल्या अखत्यारीतली पीसीआरए (पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन) इंधन कसं वाचवावं हे १९७८ पासून सांगत आली आहे, माझ्या गाडीच्याच वयाची संस्था. तिने कार्बोरेटरवाल्या गाड्या, रिक्षा आणि स्कूटर यांच्यासाठी एक पान काढावं : किती टक्क्याला जेट किती वाढवायचा, टायमिंग कुठे ठेवायचं, कोणतं रबर घ्यायचं. गुजरातीत काढलं तर आमचे मिस्त्री भिंतीवर लावतील.

उत्तर मराठी, गुजराती, हिंदी, कशातही चालेल.

आपला,
एक फियाटवाला
दांडिया बाजार, बडोदे

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्या इतर फियाटवाल्यांसाठी. थर्मोस्टॅट घ्याल तेव्हा आधी घरी पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकून पाहा, उघडतो का. मी आणलेले पहिले दोन उघडले नाहीत, आणि दुकानदाराने दुसरा परत घेतला नाही.