त्या क्यू-टेनच्या बाटलीविषयी

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न.

बाबा, दम लागतो म्हणून तुम्ही घ्यायचं म्हणताय त्या क्यू-टेन या पूरकाच्या बाटलीचा, तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. पुढे ठळक अक्षरांत 'पेशींना नवी ऊर्जा' आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'रक्त पातळ करणारी औषधं चालू असल्यास डॉक्टरांना विचारा'. तुमची वॉरफरिन चालू आहे. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे लिहितेय.

को-एन्झाइम क्यू-टेन थोतांड नाही. १९५७ साली फ्रेडरिक क्रेन यांनी ते बैलाच्या हृदयातल्या मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागातून, वेगळं केलं. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन पुढे पोचवायचं काम ते करतं, आणि त्या ये-जा करण्यावरच पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, तयार होतं. शरीर ते स्वतःच बनवतं. वयाबरोबर काही अवयवांत ते घटतं, हेही खरं. जाहिरातवाले इथूनच उडी मारतात: घटलंय ना, मग गिळा आणि तरुण व्हा! घटलेली गोष्ट भरून काढली की म्हातारपण मागे हटतं, हे अजून कुणी दाखवलेलं नाही.

चांगली बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल हिला सगळ्यातच खोट दिसते. हृदय कमकुवत झालेल्या ४२० रुग्णांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधांसोबत दिवसाला ३०० मिलिग्रॅम, दोन वर्षं. त्यांच्यात मृत्यू आणि हृदयाचे गंभीर त्रास कमी झाले. पण ते हृदयरोगी होते. 'जिना चढताना दमतो' म्हणणारे तुमच्यासारखे नव्हेत. त्याच वर्षी पार्किन्सन्सच्या रुग्णांना याच्या कितीतरी मोठ्या मात्रा देऊन पाहिल्या, काही उपयोग झाला नाही.

आता मुद्द्याचं. क्यू-टेनची रचना रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन के सारखी आहे, आणि वॉरफरिन नेमकं त्या व्हिटॅमिनच्याच कामात आडवं येतं. त्यामुळे क्यू-टेनने वॉरफरिनचा जोर कमी होऊ शकतो. तसं झालं तर गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि बाहेरून काही कळत नाही. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, केल्यावरच समजतं. शिवाय रक्तदाबही थोडा उतरू शकतो, आणि तुमची बीपीची गोळी आहेच.

आई, तुझं वेगळं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन ज्या वाटेवर अडसर घालते, त्याच वाटेने शरीर क्यू-टेनही बनवतं, म्हणून रक्तातलं प्रमाण उतरतं. पण स्टॅटिनवर असताना होणारं पोटऱ्यांचं दुखणं क्यू-टेनने थांबतं का, यावर अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत. डॉक्टर म्हणाले तर घेऊन बघ, जेवणासोबत, कारण ते तुपातेलाबरोबरच नीट शोषलं जातं. स्टॅटिन मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस.

आणि बाबा, दम लागतोय तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह बघून घ्या, हृदयाचीही तपासणी करा. यातलं काही निघालं तर त्यावर पक्के उपाय आहेत. बाटलीमुळे दोन महिने बरं वाटल्यासारखं होईल आणि खरं कारण तसंच राहील, याचीच मला धास्ती आहे.

पुढच्या आयएनआरला जाताना बाटली पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. तोवर झाकण उघडू नका. आई, लक्ष ठेव गं.

तुमची,
धाकटी