ग्रहांची नावे नंतर, आधी आकाश

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बालवाड्यांच्या स्नेहसंमेलनांत हल्ली चार वर्षांची मुले बुधापासून नेपच्यूनपर्यंतची नावे एका दमात म्हणून दाखवतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरल्यापासून ही हौस वाढल्याचे मी पाहते आणि त्याचा मला आनंदच आहे. पण काल चंद्र कोणी पाहिला, असे विचारले की हात फार थोडे वर येतात, आणि चंद्र दिवसाही दिसतो हे तर बहुतेकांना ठाऊकच नसते. अनेक वर्षे बालवाडीत शिकवल्यानंतर माझे ठाम मत आहे की, या वयात पाठ केलेली यादी शब्दांपुरतीच राहते.

माझ्या वर्गात पृथ्वी म्हणजे मोसंबे आणि चंद्र म्हणजे मेहरूणचे बोर असे. दोन्ही फळे जवळजवळ ठेवायला मुलांचे हात लगेच पुढे होत. मग बोर उचलून सव्वादोन मीटरवर, थेट दाराच्या उंबऱ्यापाशी नेऊन ठेवले, की ती एकदम गप्प होत, कारण चंद्र इतका दूर असेल असे त्यांना वाटलेलेच नसे. दुसरा धडा सावलीचा. आपल्या भागात मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैतही असा दिवस येतो, पण तेव्हा बहुधा ढग आडवे येतात. मेमधील ऊन कडक असते, म्हणून मुलांना झाडाखाली बसवून अंगणात फक्त काठी उभी करावी. काठीची सावली गेली कुठे, हा प्रश्न ती आपणहून विचारतात.

चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. ज्या मुलुखात आठशे वर्षांपूर्वी ज्योतिर्गणित शिकवण्याची सोय झाली, तेथील लेकरांनी आकाश केवळ भिंतीवरच्या तक्त्यात पाहावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांना माझी विनंती आहे की, हिवाळ्यात महिन्यातून एक संध्याकाळ अंगणवाडीच्या अंगणात पालकांसह आकाश पाहण्यासाठी राखून ठेवावी. जानेवारीत दिवेलागणीनंतर कृत्तिका माथ्याजवळ आणि मृग पूर्वेला सहज ओळखता येतात. दुर्बीण लागत नाही, अंगणातला दिवा तेवढा मालवावा लागतो. मात्र यासाठी सेविकांवर आणखी एक नोंदवही लादू नये. त्यांच्याकडे आधीच पुष्कळ आहेत.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, चाळीसगाव