नोट्स पाठवतोय, पण आधी हे वाच

मनू,

तुझा मेसेज मिळाला. तशी तडकाफडकी निघून गेल्यावर पहिलाच मेसेज आणि त्यात काय, तर "बाबा, सेमिनारच्या नोट्स पाठवा". बरं, पाठवतो. दादाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही असं आईला कबूल केलंय, त्यामुळे फक्त साहित्य. प्रेम, अहंकार आणि भावनेच्या भरात माणसं काय करून बसतात, असाच आहे ना विषय? चांगला निवडलायस. भांडणाच्या आधी निवडलास की नंतर, ते विचारत नाही.

सुरुवात 'वुदरिंग हाइट्स'पासून कर. १८४७ ची कादंबरी, एमिली ब्राँटेची एवढी एकच. कॅथरिन रात्री स्वयंपाकघरात घरातल्या मोलकरणीला, नेलीला, सांगत असते की श्रीमंत एडगरला मी लग्नाला होकार दिलाय. तिच्याच घरात वाढलेला अनाथ हीथक्लिफ तिथेच बाकावर आडोशाला बसलाय हे तिला माहीत नाही. बोलता बोलता ती म्हणते, आता हीथक्लिफशी लग्न केलं तर माझीच पत जाईल. तो उठतो आणि आवाज न करता निघून जातो. आणि त्याच दमात ती पुढे म्हणते की माझं त्याच्यावर किती प्रेम आहे हे त्याला कधी कळणारच नाही, माझ्यात मी जेवढी आहे त्याहून जास्त तो आहे. हे ऐकायला तो नाहीच! तीन वर्षांनी पैसेवाला होऊन परत येतो आणि मग दोन घरांची दोन पिढ्यांपर्यंत राखरांगोळी. सगळे म्हणतात वेडं प्रेम, सूड वगैरे. असेल. मला विचारशील तर सगळा घोटाळा तो अर्धं बोलणं ऐकून उठला तिथे झाला, बाकीचं पुस्तक म्हणजे त्याची परतफेड.

आणि नेली. नेलीने त्याला जाताना पाहिलं होतं, तरी कॅथरिनला तिथल्या तिथे सांगितलं नाही, सांगितलं ते उशिरा. सेमिनारमध्ये नेलीवर प्रश्न येणारच, तयारी ठेव. मला ती बाई कधीच आवडली नाही.

म्हणूनच सांगतो, आईला कबूल केलं असलं तरी. तू "ठेवा ते कपाट तुमच्याकडेच" म्हणून जिना उतरलीस तेव्हा दादाचं बोलणं संपलं नव्हतं. "तुला काय कळतंय, तू असतेस कधी इथे" एवढंच तू ऐकलंस. त्यापुढे तो म्हणाला, "आजी शेवटपर्यंत हिचंच नाव घेत होती आणि ही मला विचारते तू काय केलंस." भिंतीकडे तोंड करून म्हणाला. झालं, सांगितलं. आता खरंच साहित्य.

होमरचं ग्रीक महाकाव्य 'इलियड' टाळू नकोस, जुनं म्हणून. त्यात तर पहिल्याच ओळीत अकिलीसचा, ट्रॉयच्या युद्धातल्या सगळ्यात मोठ्या ग्रीक योद्ध्याचा, राग आहे. अ‍ॅगमेम्नॉन हा ग्रीकांचा सेनापती भर सभेत दम देतो की तुझ्या वाट्याला आलेली बंदिवान ब्रिसीस मी घेऊन जाणार, अकिलीसचा हात तलवारीवर जातो, तलवार म्यानातून बाहेर यायला लागते आणि अथीना देवी मागून येऊन त्याचे केस धरते. बाकी कोणाला ती दिसत नाही. तलवार परत म्यानात जाते, राग काही जात नाही. हे नीट मांड, कारण बरेच जण इथे चुकतात. उसळून आलेला राग त्याने आवरला. त्यानंतर लढणं सोडून धरलेला रुसवा त्याला आवरला नाही, आणि माणसं मेली ती त्या रुसव्यात. अति राग भीक माग म्हणतात, पण मानी माणसाचा गार झालेला राग जास्त वाईट, तो दिसत पण नाही, मोबाइलवर नंबर ब्लॉक करून शांतपणे कामाला लागतो. सॉरी. लेक्चर नको होतं.

नवव्या सर्गात तिघं त्याची समजूत काढायला येतात. त्यात फिनिक्स आहे, ज्याने त्याला लहानाचं मोठं केलं तो. हा म्हातारा रडत रडत इतकं लांबलचक बोलतो की बस, आणि मधेच म्हणतो, लहानपणी माझ्या मांडीवर बसून तोंडातली वाईन माझ्या अंगरख्यावर सांडायचास तू. शत्रू जहाजांपर्यंत येऊन ठेपलाय आणि याला अंगरखा आठवतोय! कॉलेजात आम्ही यावर हसायचो. आता वाचलं तर मला दादाची नकाशांची वही आठवली. तू चार वर्षांची असशील, त्यात अख्खी शाईची दौत ओतलीस, आफ्रिका गेली, दोन्ही अमेरिका गेल्या, आणि वर म्हणालीस, "समुद्रच तर आहे." शाळेत त्याला दिवसभर उभं केलं होतं. कोणी केलं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुला आठवत नसेल, त्याला विचार. म्हणजे विचारायचं असेल तर.

फिनिक्सच्या भाषणाचा उपयोग किती झाला म्हणशील, तर आधी त्या तिघांतल्याच ओडिसियसला "उद्या निघून जातो" म्हणणारा अकिलीस त्याला म्हणतो, "सकाळी ठरवू." तेवढाच. पण तेवढाही झाला ना.

पुढे त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस मरतो, अकिलीसचंच चिलखत घालून लढताना. तेव्हा कुठे तो कबूल करतो की राग मधाहून गोड लागतो आणि छातीत धुरासारखा वाढत जातो. ही ओळ सेमिनारमध्ये घेच. शेवटच्या सर्गातला ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायमही घे, ज्या हातांनी आपली मुलं मारली तेच हात तो रात्री शत्रूच्या तंबूत जाऊन चुंबतो. त्यावर मी जास्त लिहीत नाही, तुझं तू वाच.

पुश्किनचा 'येवगेनी ओनेगिन' तुझ्या यादीत नाही, का नाही? ओनेगिन नुसत्या वैतागापायी मित्राच्या वाग्दत्त वधूबरोबर, ओल्गाबरोबर, नाचत राहतो. तो मित्र, लेन्स्की, भडकून द्वंद्वाचं आव्हान देतो. दुसऱ्या दिवशी ओल्गाला भेटतो तर ती नेहमीसारखीच, काल एवढ्या लवकर का गेलास विचारते. म्हणजे त्याला कळतं की तसं काही नव्हतंच. ओनेगिनलाही मनातून कळलेलं असतं की चूक आपली. दोघांनाही कळलंय, तरी दोघं पिस्तुलं घेऊन उभे, कारण आधी माघार कोणी घ्यायची आणि लोक काय म्हणतील! लेन्स्की जागच्या जागी जातो. आणि हे लिहिणारा माणूस स्वतः १८३७ मध्ये द्वंद्वातच गेला, सदतिसाव्या वर्षी. लिहिण्याइतकं कळत होतं, तरी. मला याची भीती वाटते, मनू, तुझ्या हुशारीचा मला एवढा अभिमान आहे आणि भीती नेमकी तीच. तू हे सगळं स्टेजवर इतकं सुंदर समजावून सांगशील की टाळ्या पडतील. आणि खाली येऊन फोन बघशील, ब्लॉक तसाच.

आपल्याकडचं एक तरी हवंच, 'शाकुंतल' घे. चौथा अंक. दुर्वास दारात हाक मारतात, शकुंतला दुष्यंताच्या विचारात हरवलेली, ऐकू जात नाही, झाला शाप. शापाचं तिला कोणी सांगत नाही, दोघी सख्या ठरवून गप्प राहतात, जिवापाड प्रेम म्हणूनच. महाभारतातल्या मूळ गोष्टीत शापही नाही आणि अंगठीही नाही, तिथे राजाला सगळं माहीत असतं आणि तो ओळख नाकारतो. कालिदासाने राजाला वाचवलं असं माझं मत आहे, तुझ्या मॅडमना पटणार नाही.

शेक्सपिअरच्या किंग लीअरचं सगळ्यांना माहीत आहे, दोन मिनिटांत उरक. त्यापेक्षा एलिझाबेथला वेळ दे. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस', १८१३. लग्नाची मागणी घालणाऱ्या डार्सीला ती फाडकन नकार देते, दुसऱ्या दिवशी सकाळी तो पत्र हातात ठेवून निघून जातो. ती चिडूनच वाचते, हे परत बघणार नाही म्हणून घडी घालून ठेवते, आणि अर्ध्या मिनिटात घडी उलगडून पुन्हा वाचायला घेते. एवढी मानी मुलगी! या सगळ्यांत मला ती जास्त आवडते, आणि तू तिच्यावर गेलीयेस असं मी दादाला कितीदा म्हटलंय. तो म्हणतो, हीथक्लिफवर.

माझ्या त्या ऑपरेशनची तारीख मिळाली, पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात, आई उगाच घाबरते. याचा आणि तुमच्या भांडणाचा काही संबंध नाही, तसा अर्थ काढू नकोस. फक्त त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तुम्ही दोघं एकमेकांशी न बोलता दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसाल, हे काही डोक्यातून जात नाही.

नोट्सची फाइल सोबत जोडलीये, माझं अक्षर लागलं नाही तर आईला विचार. सेमिनार किती वाजता आहे तेही कळव. दादा विचारत होता, मी म्हटलं मला माहीत नाही, तिलाच विचार.

बाबा