कॉमेंटेटरचा प्रवेशाचा पास काढून घेऊन काय मिळतं?

संपादक महोदय,

नॉटिंगहॅम फॉरेस्ट या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबने मे २०२५ मध्ये चेल्सीविरुद्धच्या मॅचला कॉमेंटेटर गॅरी नेव्हिलला येऊच दिलं नाही त्याची बातमी वाचली, क्लबचा निर्णय अजिबात पटला नाही. लेस्टरशी २-२ बरोबरी झाल्यावर मालक मारिनाकिस थेट मैदानात कोचकडे गेले, त्यावर नेव्हिलने टीका केली, बस एवढंच (तो बोलतो तिखट, मान्य). २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबनेही बीबीसी स्कॉटलंडच्या एका पत्रकाराला बंदी केली, मग बीबीसीने आयब्रॉक्सला (रेंजर्सच्या मैदानावर) माणसं पाठवणंच थांबवलं, म्हणजे भांडण क्लबचं नि तोटा ऐकणाऱ्यांचा. टीव्ही बघणाऱ्याला निदान चित्र दिसतं हो, रेडिओ ऐकणाऱ्याचं काय? काही चुकीचं बोलला असेल तर खुलासा मागा, पास कशाला काढून घेता?

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर