कावळ्याच्या रिकाम्या घरात

डेब्रेत्सेन, हंगेरी
६ जुलै

प्रिय नित्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मे महिन्यात आलं आणि उत्तर आज लिहितोय, राग धरू नकोस. काल जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना. त्या नोव्हेंबरात लोणावळ्याच्या पठारावर मान दुखेपर्यंत आपण अमूर ससाण्यांचा थवा बघत उभे होतो, आठवतं? काल त्याच्या भावंडाची पिल्लं मी हातभर अंतरावरून पाहिली.

याला इथले लोक ‘केक व्हेर्चे’ म्हणतात, म्हणजे निळा ससाणा. पारव्याएवढाच, पण अंगाने हडकुळा. नर पाटीसारखा करडा, पाय लालभडक. मादीचं डोकं आणि पोट नारिंगी. पूर्वी हा आणि अमूर एकाच जातीचे धरले जायचे. अमूर सैबेरियाच्या आग्नेय भागात, ईशान्य चीनमध्ये विणीला जातो, हा इथल्या गवताळ मैदानांत. थंडीत मात्र दोघेही आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात उतरतात, काही ठिकाणी रात्रीच्या थाऱ्याला एकाच झाडावर. तुझ्या डोक्यावरून गेलेला आणि माझ्या घराजवळ जन्मलेला एका फांदीवर बसत असतील, या विचाराने मला फार बरं वाटतं.

काल होर्तोबाजजवळच्या एका बाभळीसारख्या काटेरी झाडांच्या राईत गेलो होतो. पक्ष्यांचं काम करणाऱ्या एका आजोबांनी सोबत नेलं. ते शिडी धरून उभे, मी वर. एका बाजूने उघडी लाकडी पेटी. आत चार पिल्लं, अंगावर पांढुरकी लव, तिच्यातून करडी पिसं फुटायला लागलेली. मला बघताच चौघंही पाठीवर पडली आणि नखं वर करून चोची वासल्या. पेटीच्या तळाशी टोळांचे पाय, चतुराचे फाटके पंख आणि उंदराच्या केसांची एक वाळकी गोळी. वासही होता, खाटकाच्या दुकानात येतो तसा. दोन मिनिटांत मी खाली आलो, कारण वर आई-बाप घिरट्या घालत किंचाळत होते.

पेटी कशासाठी, असं तू विचारशीलच. गोष्ट तिथेच आहे. ससाणा घरटं बांधत नाही. एक काडीसुद्धा आणत नाही. तो कावळ्याच्या जातीतल्या रूकच्या सोडलेल्या घरट्यात अंडी घालतो. कोकिळेसारखी फसवणूक नाही हो, रिकामी जागा घ्यायची, अंडी स्वतः उबवायची. हे ससाणे आफ्रिकेतून एप्रिलच्या शेवटी येतात, तेव्हा रूकची पिल्लं घरट्यातच असतात. हे आसपास बसून वाट बघतात. रूकची पिल्लं उडाली की घरटी ताब्यात घेतात, तीन-चार अंडी घालतात आणि नर-मादी आळीपाळीने साधारण चार आठवडे उबवतात. रूकच्या वसाहतीत रूक शेकड्यांनी, म्हणून हेही एकत्र. शेजार असला की शत्रू दिसताच सगळे मिळून तुटून पडतात. टोळ मुबलक होतात तेव्हाच पिल्लांची तोंडं उघडी असतात, हा हिशेब उशिरा येण्यातच बसलेला आहे.

आणि माणसाने नेमका रूकवर विष फिरवलं! शेतातलं बी उचलतो म्हणून १९८० च्या दशकात इथे रूक मोठ्या प्रमाणावर मारले गेले. वसाहती ओस पडल्या. रूकने दरवर्षी डागडुजी करायची सोडली की काड्यांचं घरटं वाऱ्यात दोन-तीन वर्षांत विस्कटतं. ससाण्यांना घरच राहिलं नाही. काही जोड्या एकेकट्या मॅगपायच्या, म्हणजे कावळ्याच्याच कुळातल्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याच्या, जुन्या घरट्यात राहिल्या. ससाण्याला कोणी हात लावला नव्हता, नित्या, तरी तो कमी होत गेला. मला या गोष्टीचा अजून राग येतो.

मग २००६ ते २००९ या काळात युरोपीय संघाच्या मदतीने हंगेरी आणि रुमानिया या दोन्ही देशांत सीमेच्या अल्याड-पल्याड पेट्या लावायला सुरुवात झाली. त्यात जोड्या वाढल्या. मधूनच खरुची हा दुसरा छोटा ससाणा किंवा लांब कानांचं घुबड आधी येऊन बसतं, पण पेट्या पुष्कळ असल्या की सगळ्यांची सोय होते. आजोबा म्हणाले, पेटी हा आमचा आधार आहे, खरं घर रूकचंच. म्हणून रूक वाचवायचं कामही सोबत चालतं.

मला मात्र आपलं घर आठवलं. पितृपक्षात कावळा पान शिवेना म्हणून बाबा दारात हात जोडून उभे राहायचे. एरवी त्याच कावळ्याला आपण दगड मारायचो. अमूरही अशाच कावळ्या-मॅगपायच्या जुन्या घरट्यांत वाढतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं आपल्याला? नागालँडच्या पांगती गावात २०१२ मध्ये तो जाळ्यात हजारोंनी मारला गेला आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी जाळी बंद केली, हे आपण बोललो होतो. पण तिथून सुखरूप सुटलेल्या पक्ष्यालाही उत्तरेत कोणाचं तरी जुनं घरटं लागतंच.

आठवड्या-दोन आठवड्यांत पिल्लं उडतील. सप्टेंबरात संध्याकाळी शेकड्यांनी एका राईत जमतील, मग एके दिवशी राई रिकामी. मी रोज जाऊन बघणार आहे.

नोव्हेंबरात पठारावर जा आणि नर-मादी मोजून कळव. नराच्या पंखाखाली पांढरं दिसलं की अमूर, हे लक्षात ठेव. आमच्या नराचे पंख खालून गडद असतात. दुर्बीण आईकडच्या कपाटात आहे, मागून घे. काकूंना नमस्कार, चिमीला पापा.

तुझाच,
सुध्या