भरती-ओहोटी न पाहता आखलेल्या सहलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : अलिबाग ते हरिहरेश्वर एकदिवसीय गाडीसहलीतील त्रुटी व परताव्याची मागणी

महोदय,

माघी पौर्णिमेच्या दिवशी आपल्या कंपनीमार्फत केलेल्या वरील सहलीबद्दल ही तक्रार आहे. चालकाविषयी काहीही म्हणणे नाही. गाडी त्याने नीट चालवली. दोष वेळापत्रकाचा आहे. नकाशावरची मिनिटे एकापुढे एक जोडून ते तयार केलेले दिसते. या किनाऱ्यावर दिवस कसा जाणार हे ठरते भरती-ओहोटीवर आणि खाडीच्या धक्क्यावर.

पत्रकात ‘सकाळी 11 ते 12, कुलाबा किल्ला, पायी’ असे छापले आहे. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या या किल्ल्यात चालत जाता येते ते फक्त ओहोटीला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हे कोणीही कोळी सांगेल. पौर्णिमा म्हणजे 15, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे समुद्र तुडुंब असतो नेमक्या त्या वेळी, तेही उधाणाच्या दिवशी, आपण प्रवाशांना चालत पाठवता. अर्थात कुलाबा वाळूवरूनच पाहावा लागला. भरतीची वेळ रोज पाऊण ते एक तास पुढे सरकते. वर्षभर एकच छापील वेळ चालणार कशी? चतुर्थीला ओहोटी नऊच्या सुमारास येते, तेव्हा सकाळी किल्ला करून पुढे निघता येते. अष्टमीला ती दुपारी बाराला येते, पण ते दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे. पाणी पुरते हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला एकतर पहाटेची ओहोटी धरावी, नाहीतर होडीचे भाडे सहलीच्या रकमेतच घ्यावे.

रेवदंड्याला 15 मिनिटे ही तर थट्टाच. मुरूडचा रस्ता कोटाच्या तटातूनच जातो, तेव्हा गाडीतून दाखवला की झाले, असा हिशेब दिसतो. सातखणी मनोरा आणि चर्चचे अवशेष वाड्यांमधून विखुरलेले आहेत, ते पायीच पाहायचे असतात. शेजारच्या चौलचे पत्रकात नुसते नाव आहे. कोर्लईला आपण 17 आसनी गाडी पाठवलीत. दीपगृहाकडे जाणारी वाट कोळीवाड्यातून जाते आणि इतकी अरुंद आहे की मोठी गाडी गावाबाहेरच थांबवावी लागते. पुढची चाल आणि चढण यांना वेळच ठेवलेला नाही. शिवाय कोर्लईचा किल्ला ‘मराठ्यांनी बांधलेला’ असे आपले पत्रक म्हणते! तो पोर्तुगीजांचा, मराठ्यांकडे आला 1740 च्या तहाने. गावातले ख्रिस्ती आजही पोर्तुगीजमधून निपजलेली बोली बोलतात, एवढे तरी ठाऊक हवे होते.

जंजिऱ्याला 30 मिनिटे दिली आहेत. राजपुरीहून शिडाची होडी भरल्याशिवाय सुटत नाही. वाऱ्यावर अवलंबून जायला 15-20 मिनिटे, यायला तितकीच, आणि आत होडीवाले साधारण पाऊण तास देतात. दरवाजाजवळ होडी हेलकावत असताना एकेकाला पायरीवर उतरवतात, त्यातही वेळ जातो. तिकिटाची रांग धरून दोन-अडीच तासांखाली हे होत नाही. साहजिकच 22 एकरांच्या किल्ल्यात प्रवासी दरवाजाजवळूनच परत फिरले. दोन्ही गोड्या पाण्याचे तलाव राहिले.

यापुढची चूक सर्वांत महागात पडली. राजपुरीच्या खाडीपलीकडे जायला आगरदांडा ते दिघी ही फेरीबोट आहे. गाडीसह पलीकडे जाता येते आणि श्रीवर्धन जवळ पडते. आपल्या वेळापत्रकात फेरीबोटीचा उल्लेखच नाही, त्यामुळे चालकाने कागदाप्रमाणे तळे-म्हसळ्यामार्गे वळसा घेतला. पेशवे बाळाजी विश्वनाथांचे श्रीवर्धन अंधारात मागे गेले. हरिहरेश्वरची समुद्राकाठच्या खडकांवरून जाणारी प्रदक्षिणावाट संध्याकाळच्या ओहोटीला मोकळी होती, पण गाडी पोचली तेव्हा रात्र झाली होती. त्या खडकांवर अंधारात कोणी उतरू नये, आणि कोणी उतरलेही नाही. (फेरीबोट वापरणार असाल तर लांब, खाली टेकणारी गाडी देऊ नका, ओहोटीला धक्क्याचा ओला उतार तिला घासतो.)

कुलाबा, श्रीवर्धन आणि प्रदक्षिणा ही तीन ठिकाणे पत्रकात वचन देऊनही दाखवली गेली नाहीत. म्हणून :

1. एकूण रकमेच्या निम्मी रक्कम 15 दिवसांत परत करावी.
2. वळशाच्या जादा किलोमीटरचे आकारलेले पैसे पूर्ण परत करावेत.
3. तिथीप्रमाणे वेळा बदलेपर्यंत ही सहल विकणे थांबवावे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ही सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात आहे. मुदतीत उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल. परताव्याऐवजी पुढच्या सहलीचे सवलत कूपन चालणार नाही.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : पावती, छापील पत्रक, किलोमीटरच्या हिशेबाची प्रत